बंदरावर तू जे बोललास

९ जून

चिरंजीवास,

आशीर्वाद वगैरे सुरुवातीला लिहितात ते लिहिलेत असं समज.

मी फोन उचलत नाही म्हणून तू काळजीत आहेस, असं खालचे हेडमास्तर सांगत होते. काळजी नको. फोन वाजलेला मला ऐकू येतो, तो तुझा आहे हेही कळतं, आणि तरी मी उचलत नाही. पत्र लिहिते आहे ते अशासाठी की कागदावर तुला माझं वाक्य मध्येच तोडता येत नाही.

काल समोरच्या वकीलबाई आल्या होत्या. त्यांचा कोर्टात घालायचा काळा कोट माझ्याकडे होता, अस्तर बदलायला. जुनं अस्तर उसवून झालं होतं, नवं बेतून कच्चा टाका घालणार होते. त्या उंबऱ्यापलीकडेच थांबल्या आणि म्हणाल्या, "टेलरकाकू, राहू दे आता. कशाला दगदग करता?" मी म्हटलं, "अहो, परवा देते की." तर माझ्या हातातल्या कात्रीकडे बघत म्हणाल्या, "घाई नाहीये हो मला. पण नकोच." घाई नाही आणि नकोच. उसवलेला कोट पिशवीत कोंबून घेऊन गेल्या. मी मागोमाग जिन्यात गेले. विचारलं, माझं काही चुकलं का? तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि आवाज मऊ केला. "तुमच्या मुलानेच सांगितलं ना हेडमास्तरांना. त्यात लपवायचं काय? माझ्या सासूबाईंचं पण असंच झालं होतं."

असंच म्हणजे कसं, ते विचारायची गरज पडली नाही. तू हेडमास्तरांना काय सांगितलंस ते मी खाली जाऊन त्यांच्याच तोंडून शब्दन् शब्द काढून घेतलं. सुट्टीत आईला जरा त्रास झाला. हल्ली तिला भान राहत नाही. नको त्या वस्तू उचलते. जाता येता लक्ष ठेवा.

बंदरावर काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथे होतास. तरी लिहिते. कारण आता त्याच्या दोन गोष्टी झाल्या आहेत, आणि जिन्यात तुझी फिरते आहे.

परदेशातला पहिला आठवडा चांगला गेला, हे मी नाकारत नाही. खोली छान होती, नात माझ्याच पांघरुणात झोपायची, तुझी बायको मला पाण्यात घेऊन गेली. दुसऱ्या आठवड्यात बोटीने बेटावर जायचं होतं. निघायच्या आधी मी किनाऱ्यावरचे चपटे दगड गोळा केले. कापड बेतताना कागदी फर्मा हलू नये म्हणून मी त्यावर जे हाताला लागेल ते ठेवते, कात्री, डबी, बंद पडलेल्या इस्त्रीचा तळ. त्याने रेशमाचे धागे ओढले जातात. हे दगड साबणाच्या जुन्या वडीसारखे गुळगुळीत होते. इतकं साधं आहे ते.

बंदरावरच्या मशीनमधून माझी पिशवी गेली आणि गणवेशातल्या माणसाने आपल्याला बाजूच्या खोलीत नेलं. तू, मी आणि तो. तुझी बायको आणि नात काचेबाहेर. किनाऱ्यावरचे दगड नेणं त्यांच्याकडे गुन्हा आहे, हे मला तिथे कळलं. त्याने कुठेतरी फोन लावला, फोन टेबलावर उताणा ठेवला, आणि त्यातून आपल्या भाषेत बोलणारी एक बाई आली. दुभाषी. सर्दी झालेली होती बिचारीला. म्हणाली, "आजी, घाबरू नका. दगड इथे ठेवायचे, एका कागदावर सही करायची आणि जायचं. साहेब फक्त विचारताहेत, कशासाठी घेतले होते?"

मला बरं वाटलं. आठवडाभरात घरच्यांशिवाय कोणी मला कळेल असं काही विचारलं नव्हतं. मी सुरुवात केली, "त्याचं काय आहे ताई, मी शिवणकाम करते..."

तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. तू घड्याळ बघितलंस आणि साहेबाकडे वळून इंग्रजीत भडाभडा बोललास. मला ते कळणार नाही हे धरून चालला होतास. टेबलावरच्या फोनचं तुझ्या लक्षात राहिलं नाही. खोलीत जे बोललं जाईल ते मला सांगायचं हे त्या बाईचं काम. तिने केलं. नाक ओढत, एका सुरात. "तुमचा मुलगा म्हणतो, माझ्या आईचं डोकं ठिकाणावर नाही. तिला विसरायचा आजार आहे. आपण काय करतो ते तिला कळत नाही. वाटेल ते उचलते. घरी पण उचलते." मग ती थांबली. म्हणाली, "हे त्यांनी म्हटलं, आजी. मी फक्त सांगते."

पहिल्या वाक्यालाच साहेब विरघळला होता. 'घरी पण उचलते' ही झालर तू कशाला लावलीस?

नंतर त्याने चाकांची खुर्ची मागवली आणि मी तीत बसले. धडधाकट बाई, तुझ्या आधी किनारा चढून आलेली, खुर्चीत बसले, आणि तू ती बोटीपर्यंत ढकलत नेलीस. का बसले, असा प्रश्न तुला अजून पडलेला नाही. मी नाही म्हटलं असतं तर तू त्या गणवेशासमोर खोटा ठरला असतास. परक्या मुलखात, तुझ्या मुलीच्या देखत. म्हणून बसले.

त्याची परतफेड तू हेडमास्तरांमार्फत केलीस.

आई


२१ जून

तुझं पत्र आलं. टाइप केलेलं. ऑफिसात ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देतोस, त्या सवयीने 'झालेल्या गैरसोयीबद्दल' असंही लिहिलं आहेस. गैरसोय पाणी गेल्यावर होते.

तू लिहितोस, "तुला कोंडून ठेवलं असतं तर?" कोणी ठेवलं असतं? सही करा आणि जा, असं ती बाई मला सांगून चुकली होती. साप म्हणून भुई धोपटलीस, आणि ती भुई मी होते.

तू लिहितोस, "बोट चुकली असती." दुपारी दुसरी बोट होती. तिकीटखिडकीवरच्या पाटीवर घड्याळांची चित्रं काढलेली होती, मला भाषा येत नसली तरी घड्याळ येतं. दोन तास आपण धक्क्यावर बसलो असतो. नातीने बोटी मोजल्या असत्या.

तू लिहितोस, "अशा वेळी सगळेच काहीतरी बोलून सुटतात." मान्य. तू म्हणू शकला असतास की आईला ठाऊक नव्हतं. ते खरं होतं आणि पुरेसंही होतं. म्हणू शकला असतास की मीच घेतले. पण स्वतःच्या अंगावर घ्यायचं तुला लहानपणापासून जड जातं. मी मात्र सोपी पडले.

आणि शेवटी लिहितोस, "तू ते इतकं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं." बेटावरचे सगळे दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू माझ्यासाठी महागातली जेवणं मागवत होतास आणि हळू आवाजात बायकोला सांगत होतास की आई दमली आहे. तेव्हा काय वाटलं होतं?

बरं, ते सगळं सोडून देते. परका देश, गणवेश, भोंगा. माणूस घाबरतो. मला न कळणारी गोष्ट पुढची आहे. घरी आल्यावर इथे कुठला भोंगा वाजत होता? हेडमास्तरांनी काय तुझी बॅग तपासली होती? ते दूध घेऊन वर येत होते आणि तू त्यांना थांबवून सांगितलंस. याचं उत्तर तुझ्या पत्रात नाही.

इकडची हकिगत हवी असेल तर ऐक. मंगळवारी इस्त्री चालू राहिली. शेजारच्या खोलीत काज करत बसले होते, वास आला, उठून बंद केली. इतक्या वर्षांत ती कितीदा चालू राहिली असेल. तुझ्या शाळेच्या शर्टाला तर भोक पडलं होतं, तेव्हा आपण हसलो होतो. या वेळी मी खुर्चीवर बसून राहिले आणि सकाळपासून काय काय केलं ते क्रमाने आठवून बघितलं. सगळं आठवलं. तरी पुन्हा पहिल्यापासून आठवलं.

हे तुला कळावं म्हणून लिहिलेलं नाही. लिहून गेलं. खोडत नाही, कारण खोडलं तर तू त्याचाही अर्थ काढशील.

आई


३ जुलै

काल सून आली होती, नातीला घेऊन. तू पाठवलं नव्हतंस, हे तिने दारातच सांगितलं, म्हणून आत घेतलं.

चहा ठेवला. उकळला, मी पातेलं उचलायला गेले तर नात धावत आली. "आजी, तू नको. मी ओतते." मी म्हटलं, "अगं, भाजेल तुला." तर म्हणाली, "तू विसरशील ना मध्येच, मग सांडेल." हसत नव्हती. शाळेत जबाबदारी दिल्यावर असतो तसा चेहरा होता. तिने दोन्ही हातांनी पातेलं धरलं आणि मी तिला धरू दिलं, कारण ओढाताण केली असती तर खरंच सांडलं असतं.

तिला शिवणाच्या खोलीत बटणांच्या डब्यापाशी बसवलं आणि सुनेला म्हटलं, बोल आता.

तिने सांगितलं. सांगताना एकदाही तुझी बाजू घेतली नाही आणि तुझ्यावर एकही ठपका ठेवला नाही, कसं जमतं तिला कोण जाणे. नातीने बोटीवर तुला विचारलं, आजीला खुर्ची का? तू मुलीला 'बाबा खोटं बोलला' असं कसं सांगणार, म्हणून म्हणालास, आजीला थोडं बरं नाही, ती विसरते. मला इथे सोडायला आलात तेव्हा मुलगी म्हणाली, मग आजी एकटी कशी राहते, कोणाला तरी सांगायला हवं. ती रडायला लागली. तेव्हा तू तिच्या देखत, ती शांत व्हावी म्हणून, हेडमास्तरांना सांगितलंस. म्हणजे साहेबाला एक ठिगळ लावलंस, ते उसवू नये म्हणून मुलीला दुसरं, ते टिकावं म्हणून शेजाऱ्याला तिसरं. मी आयुष्यभर लोकांचे कपडे दुरुस्त केले. ठिगळावर ठिगळ लावलं की खालचं कापडच कुजतं, हे तुला माझ्या घरात वाढून कळू नये?

सून म्हणाली, "तो मनाने वाईट नाहीये, आई. त्याला वेळेवर खरं सुचत नाही." मी म्हटलं, "खोटं बरं वेळेवर सुचतं." यावर ती उठली. कप विसळून गेली.

महिनाभरात माझ्याकडे नवं काम आलेलं नाही. जुनी गिऱ्हाइकं येतात, बसतात, बरं आहे ना विचारतात, शिवायचा कपडा मात्र पिशवीतून काढत नाहीत. एकीने तर हातातली पिशवी मागे लपवली. मला पोट भरायची चिंता नाही, माझं भागतं. पण मी सकाळी उठून कोणासाठी मशीन उघडू?

तू रविवारी ये. वकीलबाई आणि हेडमास्तर दोघंही घरी असतात. जिन्यात उभा राहा आणि त्यांना सांग की तू खोटं बोललास. बाकी काही नको मला, ना हार ना तुरे.

आई


११ जुलै

रविवारी तू आला नाहीस. निरोप पाठवलास की त्यापेक्षा चांगल्या डॉक्टरकडे जाऊ, तपासणी करू, दाखला घेऊ, म्हणजे कोणालाच शंका राहणार नाही.

दाखला तू घे. आपण खरं बोलू शकतो असा दाखला कोणी डॉक्टर देत असेल तर बघ.

खोटं तू बोललास आणि सुया मी टोचून घेऊ? मी रांगेत बसू, आज वार कोणता हे सांगू, पानावर घड्याळ काढून दाखवू, आणि पास झाले तर तुला हायसं वाटेल? मी जाणार नाही. उद्या खरोखर विसरायला लागले तरी तुझ्या गाडीतून जाणार नाही. चालत जाईन.

रविवार पुन्हा येतोच आहे.

आई


२० जुलै

काल तू आलास. तेवढं केलंस. तू गेल्यावर मला झोप लागली नाही, म्हणून सकाळी मशीन उघडायच्या आधी लिहिते आहे.

तू इस्त्रीचा शर्ट घालून आला होतास. वकीलबाईंची बेल तू वाजवलीस, हेडमास्तरांना खालून बोलावलंस. मी माझ्या दारात उभी होते, सून कठड्याला टेकून. तू घसा साफ केलास. तुला घाम फुटला होता, मला दिसत होतं. आणि तू म्हणालास, "मी आईबद्दल जे सांगितलं ते खोटं होतं. तिला काहीही झालेलं नाही. मी स्वतःच्या सोयीसाठी खोटं बोललो." चांगलं बोललास. मध्ये थांबला नाहीस, झालर लावली नाहीस. क्षणभर मला वाटलं, संपलं.

वकीलबाईंनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "किती गुणाचा मुलगा. आईचं मन राखायला बिचारा स्वतःवर घेतोय."

हेडमास्तर म्हणाले, "कळतं हो आम्हाला. त्यांच्यासमोर असंच म्हणावं लागतं."

तुझा चेहरा तेव्हा मी नीट बघून घेतला. "नाही, तसं नाही, मी खरं सांगतोय," तू म्हणालास. हेडमास्तर म्हणाले, "हो हो." तू आवाज चढवलास. "अहो, खरंच मी खोटं बोललो होतो." त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळ्यानेच तुला माझ्याकडे खुणावलं, की त्यांच्या देखत नको, नंतर बोलू. सुनेने तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही, मलाही त्याच दोन गोष्टी एकदम होत होत्या.

तू खरं सांगत होतास, शुद्ध आपल्या भाषेत, आणि दोन शिकली-सवरलेली माणसं तुझी कीव करत होती. मला बरं वाटलं. आईला असं वाटू नये म्हणतात. वाटलं.

तू आत येऊन पाणी प्यायलास आणि विचारलंस, "आता मी आणखी काय करू?" मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं, मी राग धरून बसले आहे. राग आहेच, तो कुठे जात नाही. पण मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. ते मला खाली आल्यावर मिळालं.

तुम्हाला सोडायला मी खाली आले. नात गाडीत बसलेली होती. तू तिला वर आणलंच नव्हतंस. शेजाऱ्यांसमोर खोटा ठरायची तयारी करून आलास, शर्ट इस्त्री करून आलास, आणि जिच्यासाठी हे सगळं रचलंस तिला काच वर करून खाली बसवलंस. मी खिडकीपाशी गेले. तिने काच खाली घेतली, माझा हात धरला, आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने, एक एक शब्द सुटा करून विचारलं, "आजी, मी कोण, सांग बरं?"

मी तिचं नाव सांगितलं. आडनावासकट.

ती खूष झाली. माझा हात थोपटून "शाब्बास" म्हणाली. तू ड्रायव्हरच्या जागेवर बसत होतास. तू ऐकलंस, हे मला माहीत आहे, कारण तुझा हात किल्लीवर तसाच थांबला. आणि मग तू गाडी सुरू केलीस.

तर ऐक. वकीलबाईंना आणि हेडमास्तरांना सोड. ती मोठी माणसं आहेत, त्यांना दया करायला कोणीतरी लागतं, आज मी आहे. गिऱ्हाइकं परत येतील, नाहीतर येणार नाहीत. कालच रात्री मी माझाच एक झगा बेतायला काढला, हातातलं काम थांबवायचं नाही असं ठरवलं आहे. पण ती पोर मला आजी म्हणून ओळखत होती, आणि आता पेशंट म्हणून ओळखते. तेवढं एक तुझ्या हातात आहे. तिच्यासमोर खाली बस आणि सांग, बाबा घाबरला आणि खोटं बोलला. आजी बरी आहे. ती तुला जे विचारेल त्याची उत्तरं दे. ती रडेल, तुझ्याशी काही दिवस बोलणार नाही. बोलणार नाही म्हणजे काय, ते तुला आता माझ्यामुळे ठाऊक आहे. त्याने कोणी मरत नाही.

सुनेला तुझ्यासाठी हे करू देऊ नकोस. ती करेल, आणि तुझ्यापेक्षा चांगलं करेल, म्हणूनच नको.

सांगून झालं की मला फोन कर. मी उचलेन. तू काही बोलू नकोस, फोन सरळ तिच्या हातात दे. ती माझ्याशी हळूहळू आणि मोठ्याने बोलली, तर मी ठेवून देईन.

आई